सोगितचं डुक्कर

कंपुंग तोंगुडोन
१४ जुलै २०१४

अ‍ॅम्ब्रोस,

हे पत्र लिहिते आहे म्हणजे मी नमले, असा अर्थ काढू नकोस. भर अंगणात, साऱ्या गावासमोर तुला जे बोलले, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण तू गावचा प्रमुख असून तवाऊला मुलाच्या पामच्या मळ्यात जाऊन बसला आहेस, माझा फोन घेत नाहीस, आणि तुझ्या मुलीचं इथे काय झालं ते तुला कोणीतरी सांगायला हवं. ती स्वतः सांगणार नाही. तुझ्यावर गेली आहे.

जोविताला आरोग्य खात्याने बडतर्फ केलं.

आता क्रमाने लिहिते. सिस्टर इमॅक्युलाटा आम्हाला शिकवायच्या, आधी काय घडलं ते मांडा, राग नंतर. म्हातारा ओंतोई पायावर कुदळ मारून घेऊन दवाखान्यात आला. जोविताने जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दुपारी तो स्वतःच्या घराच्या शिडीवर कोसळला. शहरातल्या हॉस्पिटलात नेला, तिथे दोन-तीन दिवसांत ठणठणीत झाला. डॉक्टरांनी लेखी दिलं की रक्तात साखर चढली होती आणि पोटात आदल्या दिवसापासूनची तापाईची दारू होती, इंजेक्शनचा काडीचा संबंध नाही. पण त्याची बायको गावभर सांगत सुटली, "पोरीने सुई टोचली आणि माझा माणूस पडला." लोक दवाखान्याकडे फिरकेनात. आपल्या आणि ओंतोईच्या घरातल्या बायका नदीवर एकमेकींकडे पाठ करून कपडे धुऊ लागल्या.

मग प्रमुखसाहेबांनी ठरवलं की गाव तापलं आहे, आपण ओंतोईच्या घराला सोगित द्यायचं, एक डुक्कर आणि काही कोंबड्या. मी विचारलं, "तिने केलं काय, म्हणून द्यायचं?" तर तू म्हणालास, "ताई, तू ननांच्या शाळेतली. तुला पाप, कबुली आणि प्रायश्चित्त एवढंच कळतं. घर तापलंय, ते निववायचं. कोणी तापवलं हा प्रश्नच नाही." त्यावर मी म्हणाले, आपल्या रेड्याला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे. त्याच आठवड्यात तू तवाऊची बस धरलीस.

बरं. डुक्कर कापलं, दोन्ही घरं एका पंगतीत जेवली, दवाखाना पुन्हा भरला. इथपर्यंत तुझं बरोबर निघालं, हे मी मान्य करते. पण कोणीतरी फोनवर फोटो काढला होता. त्यात जोविता डुकराची दोरी ओंतोईच्या बायकोच्या हातात देते आहे आणि दोघी हसताहेत. तो फोटो फिरत फिरत वरच्या कार्यालयात पोचला. खात्याने नोटीस पाठवली: रुग्णाच्या कुटुंबाला भरपाई दिली हे खरं आहे काय? तुझ्या सत्यवचनी मुलीने उत्तर लिहिलं, "होय, वडिलांच्या सांगण्यावरून सोगित दिलं." कोणाला विचारलं नाही, सवरलं नाही. मी शेजारच्या घरात बसले होते, मलाही नाही!

शिस्त मंडळाने निकाल दिला. परिचारिकेने भरपाई दिल्याचं कबूल केलं आहे, म्हणजे हयगय कबूल केली आहे, सबब बडतर्फ. सुनावणी नाही. समोर बोलावणं नाही. हॉस्पिटलचा कागद फायलीत होता, तो कोणी उलटला नाही. याच खात्यात मी उभी हयात काढली, अ‍ॅम्ब्रोस. मेट्रन असताना माझ्या हाताखालची झाडूवालीसुद्धा मी असं न विचारता घालवली नाही.

मी कोर्टात जाणार आहे. तुला कळवलं.

पेट्रोनेला

ता.क. सोबत रानआंब्याच्या लोणच्याची बाटली आहे. जोविताने घातलंय, मी नाही.


३ सप्टेंबर २०१४

अ‍ॅम्ब्रोस,

उत्तर आलं नाही. बाटलीही परत आली नाही, म्हणजे पोचली.

कोटा किनाबालूला जाऊन आले. वकीलबाईंचं नाव रोझालिंड व्हू. कोंबडी-भाताच्या दुकानावर त्यांची कचेरी आहे, त्यामुळे कायद्याच्या पुस्तकांनासुद्धा आल्याचा वास येतो. बाई बारीक, शांत, आणि माझं बोलणं मध्येच तोडतात. मला आवडल्या.

मी म्हटलं, "जोविताची चूक नव्हती हे न्यायाधीशांनी सांगितलं पाहिजे."

"ते सांगणार नाहीत," व्हूबाई म्हणाल्या. "हे अपील नाही, मेट्रन. हा न्यायालयीन फेरविचार आहे. मंडळाच्या जागी बसून कोर्ट नवा निकाल देत नाही. मंडळाने निर्णय कसा घेतला, एवढंच पाहतं."

"म्हणजे भाजी नासली की नाही ते बघणार नाही, करणारीने हात धुतले होते का एवढंच बघणार?"

"अगदी तेच."

"आणि हात धुतले नसतील तर?"

"तर भाजी फेकून द्यायची. कितीही चांगली लागली तरी."

आधी कोर्टाची परवानगी मागायची, त्याला मुदत आहे, आणि ती आम्ही गाठली. परवानगी मिळाली की खरी सुनावणी. तिथे साक्षीदार उभे करत नाहीत, सगळं शपथपत्रांवर चालतं. एक शपथपत्र जोविताचं, एक हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं. तिसरं तुझं. सोगित म्हणजे काय, हे ते ठरवून देणाऱ्या प्रमुखाने शपथेवर सांगायला हवं. व्हूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "त्यांच्याशिवाय ही केस लंगडी आहे. मंडळ म्हणेल, भरपाई ती भरपाई, नाव काहीही द्या."

मी तुला विनंती करत नाही. मी फक्त सांगते आहे की तुझी मुलगी सध्या रविवारच्या बाजारात माझ्या परसातल्या भाज्या विकते आणि लोक तिला अजून दवाखान्यातल्यासारखं "मिस्सी" म्हणतात. परवा कोणीतरी पालकाची जुडी घेता घेता तिला बाळाचा ताप दाखवला. तिने कपाळाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. म्हणाली, "मला आता परवानगी नाही. शहरात घेऊन जा."

पेट्रोनेला


२० नोव्हेंबर २०१४

अ‍ॅम्ब्रोस,

परवानगी मिळाली. कोर्टाच्या मते आमच्या म्हणण्यात दम आहे, दावा ऐकला जाईल.

आणि खात्याने लगेच काय केलं, ऐक. जागा भरली! जाहिरात, मुलाखत, नेमणूक, सगळं कसं पटापट. एरवी याच लोकांना दवाखान्याच्या नळाला चकती बसवायला वर्ष लागतं. नवी पोरगी कोटा बेलूडची आहे, नुरैन नावाची. मी पहिल्या दिवशी तिला खिडकीतून असं पाहिलं की तिच्या हातातला थर्मामीटर पडला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच माझ्या दारात आली. "आंटी, मला इथे काय झालं ते कोणी सांगितलं नव्हतं. जागा रिकामी आहे म्हणाले." रडायला लागली. मी तिला चहा दिला. काय करणार?

आता तुझ्याविषयी. गिल्बर्टचा फोन आला होता. तुझ्या मुलाला बिचाऱ्याला निरोप्या केलास. तो म्हणाला, "आत्या, बाबा म्हणतात रीत कोर्टाच्या तराजूत घालायची नसते." मी म्हटलं, बाबांना विचार, मग ती खात्याच्या कचऱ्याच्या डब्यात घातलेली चालते का? मग पोरगा हळूच म्हणाला, "खरं कारण ते नाही. बाबा म्हणतात, मी ओंतोईच्या घराला शब्द दिलाय की हे प्रकरण मिटलं. आता शपथेवर सांगितलं की जोविता निर्दोष होती, तर ते म्हणतील आम्हाला डुक्कर देऊन गप्प बसवलं. गाव परत तापेल."

हे आधी सांगायचंस ना, गाढवा.

मी त्याच दिवशी ओंतोईकडे गेले. म्हातारा शिडीवर बसून टोपली विणत होता, बायको आत कोंबडी सोलत होती.

"ओंतोई," मी म्हटलं, "डुक्कर का घेतलंस?"

"दिलं म्हणून घेतलं. चांगलं होतं. चरबी थोडी जास्त."

"जोविताने सुई चुकीची टोचली म्हणून घेतलंस का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी नदी वर का वाहत नाही असं विचारलं तेव्हा आजोबांनी पाहिलं होतं. "सुईचा काय संबंध? मी पडलो. माझी बाई ओरडली. तुमची पोरगी घाबरली. तुझी जीभ सुटली. चहूकडे आग. मग डुक्कर आलं, आपण सगळे जेवलो, निवलं. तूच नव्हतीस जेवायला. रुसून बसली होतीस."

आतून बायको ओरडली, "त्या दिवशी हा पाजी तापाई प्यायला होता, तेही सांग की हिला!"

"प्यायलो होतो," ओंतोई म्हणाला. "थोडी."

"थोडी! माठ रिकामा केला!"

मी विचारलं, अ‍ॅम्ब्रोसने कोर्टात सांगितलं की जोविताची चूक नव्हती, तर तुमचं घर तापेल का? बाई रक्ताळलेला हात पुसत दारात आली. मग म्हणाली, "मी नदीवर बोलले ते बोलले. ते पंगतीत संपलं. संपलेलं परत मोजतात ते शहरातले लोक." मग म्हणाली, "प्रमुखाला सांग, आमच्या नावाने घाबरायचं असेल तर इथे येऊन घाबर. तवाऊहून कशाला?"

जसंच्या तसं लिहिलंय. एक शब्द वाढवला नाही.

पेट्रोनेला


११ फेब्रुवारी २०१५

अ‍ॅम्ब्रोस,

तुझं शपथपत्र व्हूबाईंकडे पोचलं. मला तू एक ओळ लिहिली नाहीस, पण कोर्टाला चार पानं लिहिलीस. चालेल. माझ्या साऱ्या पत्रांचं उत्तर म्हणून मी ते घेते.

व्हूबाईंनी फोनवर वाचून दाखवलं. नवव्या परिच्छेदावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे कोणी लिहून दिलं यांना?" मी म्हटलं, कोणी नाही, तो असाच बोलतो, म्हणून तर घरात भांडणं होतात. मी तो परिच्छेद उतरवून घेतला आहे:

"आमच्या गावात एखाद्याच्या नारळावर वीज पडली तरी तो सोगित देतो. दोन भावांत हाणामारी होता होता राहिली तरी देतात. नदीत पोर बुडता बुडता वाचलं, तर ज्याने वाचवलं तोही देतो. सोगित देणारा गुन्हेगार असतो असं धरलं, तर वीजही त्यानेच पाडली असं म्हणावं लागेल. माझ्या मुलीला सोगित द्यायला मी सांगितलं. तिने चूक केली असं मला वाटलं असतं, तर मी आधी तिला दवाखान्यातून बाहेर काढलं असतं. मी तिला दुसऱ्या सकाळी दवाखाना उघडायला लावला."

ननांच्या शाळेत पाप, कबुली आणि प्रायश्चित्त एवढंच शिकवतात, असं तू मला म्हणाला होतास. मंडळातले लोक तर ननांच्या शाळेतही गेले नव्हते. त्यांना कसलीच सबब नाही.

जोविताने ते पान स्वतः वाचलं. "बाबांनी मला कधी असं सांगितलं नाही," एवढंच म्हणाली आणि भाज्यांना पाणी घालायला गेली. बराच वेळ घालत होती. दोडके सडतील, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

पेट्रोनेला


१९ जून २०१५

अ‍ॅम्ब्रोस!

जिंकलो.

घाईत लिहिते आहे, पण अक्षर ननांचं आहे, तुला वाचता येईल.

एप्रिलमध्ये सुनावणी झाली. निकाल आज. कापणीचा सण नुकताच संपलाय, आणि आम्ही गावातून एक अख्खी व्हॅन भरून गेलो होतो. ओंतोई बायकोसह आला होता, नवा सदरा घालून. कोर्टाच्या पट्टेवाल्याने त्याला पान थुंकायला सांगितलं, तर म्हणाला, "मी फिर्यादी नाही, आरोपी नाही, साक्षीदारपण नाही. मी आजारी पडलो होतो तो." पट्टेवाल्याने त्याला पुढच्या बाकावर बसवलं. पान मात्र थुंकावं लागलं.

आधी एप्रिलचं सांगते, कारण खरी गंमत तेव्हा झाली. तेव्हाही ओंतोई आणि त्याची बायको आले होते. न्यायाधीश बाई आहेत, चष्म्याच्या, एरवी मान वर न करणाऱ्या. सरकारी वकील उभा राहिला आणि म्हणाला, परिचारिकेने भरपाई दिल्याचं स्वतः लिहून दिलं आहे.

बाईंनी मान वर केली. "तिने भरपाई म्हटलंय, की सोगित?"

"सोगित, महोदया. पण अर्थ तोच."

"असं कोण म्हणतं?"

"मंडळाने तसा अर्थ घेतला."

"मंडळाने कोणाला विचारलं?"

तो फायली चाळू लागला. कोर्टात पंख्याचा आवाज येत होता. "तशी नोंद नाही, महोदया."

"त्या मुलीला विचारलं? बोलावून?"

"लेखी उत्तर मागवलं होतं."

"नोटिशीत लिहिलं होतं का, की हे हयगयीची कबुली म्हणून धरलं जाईल?"

"तसं शब्दशः नाही."

"हॉस्पिटलच्या कागदाचा निकालपत्रात उल्लेख आहे?"

"नाही, महोदया."

मग त्यांनी तुझा नववा परिच्छेद मोठ्याने वाचला. तुझा, अ‍ॅम्ब्रोस. हायकोर्टात, काळा झगा घातलेल्या बाईंच्या तोंडून, नारळ आणि वीज आणि बुडता बुडता वाचलेलं पोर. मागून ओंतोईची बायको म्हणाली, "बरोब्बर." पट्टेवाला वळून बघू लागला, तशी ती म्हणाली, "मी काय खोटं बोलले?"

सरकारी वकिलाने शेवटचा डाव टाकला. निर्णय रद्द झाला तरी हिला परत घेता येणार नाही, जागा रीतसर भरली आहे. बाई म्हणाल्या, "परवानगी मिळाल्यावर, दावा चालू असताना, ती जागा कोणी भरली?" त्याने परत फायलीत डोकं घातलं. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी फक्त काहीतरी लिहून घेतलं. ते काय होतं ते आज कळलं.

बडतर्फीचा निर्णय रद्द. न विचारता एका चालीरीतीचा उलटा अर्थ लावला आणि त्या अर्थावर एका माणसाचं पोट मारलं, असा निर्णय टिकू शकत नाही. बुडालेला सगळा पगार द्यायचा. आणि जोविताला तिच्या जागी परत घ्यायचं, जणू ती कधी गेलीच नव्हती. जागा भरली ही सबब खात्याने स्वतः तयार केली आहे, तिचा फायदा खात्याला मिळणार नाही.

व्हूबाई एरवी हसत नाहीत. आज त्यांनी कागद गोळा करता करता टेबलावर हलकेच मूठ मारली. बाहेर पायऱ्यांवर ओंतोईने दोन्ही हात पंखासारखे पसरले आणि सणातला नाच सुरू केला. ढोल नाही, घंटा नाही, त्याची बायकोच तोंडाने ताल देत होती. मीही नाचले. या वयात, बुटांसह. एक सरकारी गाडी खाली थांबली होती, तिच्यातल्या लोकांनी बघितलं तर बघू दे.

जोविता नाचली नाही. पायरीवर बसली आणि विचारलं, "आत्या, म्हणजे आता कोणाचं कपाळ तापलं तर मी हात लावू शकते?"

पेट्रोनेला


२७ ऑगस्ट २०१५

अ‍ॅम्ब्रोस,

वाटलं होतं आनंदाने शेवटचं लिहीन. पण खातं ते खातंच. सरकारने अपील केलं नाही, पगार आला, आणि मग हुकूम आला: जोविता पुन्हा रुजू, पण दूर समुद्रातल्या एका बेटावर.

जोविता म्हणाली, "जाऊ दे आत्या, नोकरी तर मिळाली." मी तिला म्हटलं, तुझ्या बापाने चार पानं बेटासाठी लिहिली नाहीत. निकालाची प्रत पिशवीत टाकली आणि कार्यालय गाठलं. वर बसलेला अधिकारी तरुण, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर खोटी फुलं.

"आंटी, हुकूम निघाला आहे."

"कोर्टाचाही निघाला आहे. 'तिच्या जागी' असं लिहिलंय. वाचता येतं ना?"

"पण तोंगुडोनला आता नुरैन आहे. तिला काढून टाकू का? तिच्यावर अन्याय नाही होणार?"

"तिला विचारलंत?"

तो खोटी फुलं सरळ करू लागला.

"तिने आल्यापासून दोनदा कोटा बेलूडला बदली मागितली आहे. आई आजारी असते तिची. मला कसं माहीत? मी तिला चहा देते. तुमच्या खात्याचं दुखणं एकच आहे, बाळ, तुम्हाला विचारायची सवय नाही. हिला काढताना विचारलं नाही, तिला घेताना सांगितलं नाही, आणि आता दोघींना खोक्यांसारखं हलवायला निघालात. व्हूबाईंनी कोर्टाचा अवमान म्हणजे काय ते मला समजावून सांगितलंय. तुम्हाला समजावून सांगू, की त्या येऊन सांगतील?"

तो पाणी प्यायला. फोन केला. नुरैनशी बोलला, आणि पोरगी फोनवर इतक्या जोरात "हो" म्हणाली की मलाही ऐकू आलं. संध्याकाळच्या आत दोन्ही हुकूम बदलले.

काल जोविता रुजू झाली.

सकाळी मी लवकर गेले, म्हटलं, मेट्रन म्हणून उभं राहावं, मान ठेवतील. दवाखान्याच्या ओट्यावर आधीच अर्धा गाव. निम्म्यांना काही झालं नव्हतं, नुसते बघायला आले होते. जोविताने पांढरा गणवेश घातला होता, इस्त्री इतकी कडक की शिस्त मंडळानेही सलाम ठोकावा. ती दारात उभी राहिली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "ज्यांना काही होत नाही त्यांनी घरी जा. बाकीच्यांनी रांगेत." एकजण हलला नाही. मग तिने आवाज चढवला, आणि अ‍ॅम्ब्रोस, तो आवाज हुबेहूब तुझा होता. ओटा रिकामा झाला.

मी आत जायला निघाले.

"आत्या, तुम्हीही रांगेत."

"मी?"

"चेहरा लाल झालाय तुमचा. नंबर घ्या."

घेतला. एका गरोदर बाईच्या आणि कानदुखीच्या एका पोराच्या मागे मुकाट बसले. माझा नंबर आला, तिने दंडाला पट्टी बांधली, काटा बघितला आणि कपाळाला आठी घातली. रक्तदाब वाढलाय म्हणाली. मीठ बंद, लोणचं बंद, आणि सरकारी कार्यालयात जाऊन भांडणं महिनाभर बंद. मी म्हटलं, "मी चाळीस वर्षं रक्तदाब मोजले आहेत, मला शिकवू नकोस." ती म्हणाली, "तुम्ही निवृत्त झालात. इथली परिचारिका मी आहे."

मी तिच्याकडे बघत राहिले. इथली परिचारिका मी आहे. वर्षभर वकील, कागद, व्हॅनचं भाडं, पायऱ्यांवरचा नाच, सगळं या एका वाक्यासाठी चाललं होतं, आणि ते तिने माझ्यावरच फेकलं. मी ताबडतोब गप्प बसले. ओंतोईच्या बायकोने ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या नदीकाठी पोचवली.

निघताना जोविता म्हणाली, "बाबांना पत्र लिहिता ना? त्यांचा रक्तदाब मोजून दोन वर्षं झाली. या महिन्यात इथे येऊन मोजून जायचं, असं लिहा."

"माझ्यातर्फे लिहू?"

"नाही. दवाखान्यातर्फे."

तेव्हा कळव कधीच्या बसने येतोस. या हुकमावर सुनावणी मिळणार नाही.

पेट्रोनेला